भेटीचं कारण

हरेश म्हात्रे गेल्याचं मला कोपरखैरण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कळलं, पाणी उशिरा येणार असल्याच्या सूचनेखाली, हात जोडलेल्या चित्रांच्या रांगेत. वीस वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसलेला माणूस... आणि गेले आठ महिने आम्ही बोलत नव्हतो.

महाप्याच्या एका कंपनीत आम्ही दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर लिहायचो. मी लोकांची माहिती गोळा करणारा, तो ती नाकारणारा. कुठलाही फॉर्म बनवण्याआधी हरेश त्याची प्रिंट काढायचा आणि पेन्सिल घेऊन एकेका रकान्याला विचारायचा, "तू कशाला रे?" उत्तर नाही सापडलं की रेघ. "जे घेतलंच नाय, ते चोरीला कसं जाईल?" एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. ह्याच वाक्यावर हल्ली लोक गळ्यात ओळखपत्रांचे पट्टे अडकवून परिषदा भरवतात. मीही तिथे बोललो आहे, टाळ्याही घेतल्या आहेत. पण ऑफिसात कुणाला घरचं काही सांगायचं असलं, की पावलं त्याच्या टेबलाकडे वळायची. मी जळायचो. दुसरा सभ्य शब्द शोधला, मिळाला नाही.

मग आमच्या सोसायटीच्या गेटवर पाहुण्यांची नोंद टॅबवर घ्यायचं ठरलं. सेक्रेटरी मी, अकरा रकाने आखले. हरेश तेव्हा आमच्याच सोसायटीत राहायचा; त्याने भर सभेत सात खोडले. त्यात 'भेटीचं कारण'ही गेलं. उरलेली नोंद आठ दिवसांनी आपोआप पुसली जावी, असंही त्याने सुचवलं.

"आणि चोरी झाली तर?" मी विचारलं.

"चोर काय कारण लिहून वर जानार हाय, सेक्रेटरी?"

सभा हसली. त्याच्या बाजूने हात वर झाले, त्यात एक माझ्या बायकोचा. त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. पुढे तो घर बदलून सोसायटीतून गेला, तेव्हाही बोललो नाही.

कंपनीने शोकसभा घेतली. साहेबांनी त्याला 'गोपनीयतेचा पहारेकरी' म्हटलं. आत शिरताना प्रत्येकाकडून मोबाइल नंबर आणि जन्मतारीख भरून घेतली होती. मी निमूट भरली.

परत आलो तर गेटवर वॉचमन म्हणाला, "म्हात्रेसाहेब आले होते ना तुमच्याकडे, मागच्या महिन्यात. तुमी सगळे गावाला होते. इथंच खुर्चीवर बसले थोडा वेळ, मग गेले."

"काय म्हणाले? कशाला आले होते?"

"ते मी कशाला विचारू, साहेब? रकानाच नाय ना."

मी तरीही टॅब उघडून पाहिला. आठ दिवस कधीच उलटले होते. समेट करायला आला होता, की नुसता इकडून जाताना डोकावला? हरेशने बांधलेली गोष्ट चोख चालत होती. मेल्यावरही जिंकावं माणसाने, म्हणजे कमालच...

त्याने खोडलेला तो कागद माझ्या फाइलीत आहे. 'भेटीचं कारण'वरची रेघ जरा तिरकी आहे, सभेत हसता हसता मारलेली. येत्या सभेत हा रकाना परत घ्यावा, असं दोघातिघांचं म्हणणं आहे. रेघ पेन्सिलीचीच आहे, रबराने सहज जाईल. मी कागद काढतो, बघतो आणि परत ठेवून देतो.