फोटॉनला घाटात कोण ढकलतं?

"बाई, मागनं कोण ढकलतं, तेवढं सांगा!" असं म्हणत काका दोन्ही तळवे हवेत पुढे रेटायचे. कर्जतच्या बाजारात तुम्हीही हे पाहिलं असेल आणि म्हातारा भांडतोय समजून पुढे गेला असाल. विषय फोटॉनचा असायचा, म्हणजे प्रकाशाच्या कणाचा.

काका रेल्वेतले निवृत्त ड्रायव्हर. कर्जतहून घाट चढणाऱ्या गाडीला मागून ढकलायला जादा इंजिन लागतं, बँकर. तो त्यांनी जन्मभर चालवला. मी शाळेत विज्ञान शिकवते आणि त्यांच्या शेजारी राहते, एवढाच माझा गुन्हा.

सूर्य प्रकाशालाही ओढतो, असं त्यांनी मोबाइलवर कुठेतरी ऐकलं. झालं! "म्हंजे सूर्यातनं निघणं हा घाटच की. एकटा फोटॉन चढंल कसा? त्यालाबी बँकर हाय. शास्त्रज्ञांना दिसला नाय, तर आमी तरी पुढच्या डब्यातल्यांना कधी दिसलो?"

"काका, प्रकाशाचा वेग कमी होत नाही. ऊर्जा कमी होते, रंग किंचित तांबड्याकडे सरकतो, बस्स."

"दमतो, पण हळू होत नाय? असलं इंजिन दाखवा मला!"

एकदा ते भाजीवालीच्या कलत्या फळीवर लिंबू वर ढकलून दाखवत होते. ती वैतागली. "आवो काका, घ्यायचं तर घ्या. लिंबाचा फोटॉन नका करू!" काकांनी निमूट पाव किलो लिंबं घेतली. मी मात्र घरी येऊन पुस्तकं उपसत बसले. वर्गात मला इतकं कोणी छळत नाही, आणि खरं सांगते, मला त्यात मजा यायची.

बाकी लोक "हो काका, बरोबर" म्हणून सटकायचे. त्याचा काकांना भारी राग. "हो म्हनून कटवतात," म्हणायचे.

आमचं शेवटचं भांडण खोपोलीच्या दवाखान्यात झालं. तिथून काका घरी आले नाहीत. हात उचलवत नव्हते, तरी सुरूच. "बाई, तो बँकर..." मला गलबलून आलं. म्हटलं, "असेल हो काका. तुमचंच बरोबर असेल."

त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "तुमीपण?"

मी डोळे पुसले आणि खुर्ची पुढे ओढली. "चूक आहे. साफ चूक! मागून कोणी ढकलत असतं, तर फोटॉनची ऊर्जा कमी झालीच नसती. ती कमी होते, मोजलीय. म्हणजे सगळा चढ तो एकटाच चढतो. आता बोला!"

काका कोपरावर उठायला धडपडू लागले. तेवढ्यात त्यांचा मुलगा डबा घेऊन आला. त्याला त्यांनी दारातच अडवलं.

"जरा भायेर थांब रं. बाई माझं खोडून काढतायत."