दोन बोटं

यंदा दिवाळी झाली आणि बेंबळीजवळच्या आमच्या गावातून ऊसतोडीच्या टोळ्या पाच-सहा महिन्यांसाठी निघाल्या. त्याच आठवड्यात सिस्टर गाव सोडून लेकाकडे लातूरला गेल्या.

सिस्टर म्हणजे आमच्या उपकेंद्रातल्या नर्सबाई. निवृत्त झाल्यावरही त्या गावातच राहिल्या होत्या. तुम्ही बारसं पाहिलं असेल: आत्या बाळाच्या कानात नाव सांगते आणि बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. ज्या बाळाला आत्या नसे, त्याच्या पाळण्यावर सिस्टर वाकत. धपाटे खाता खाताच बाळंतिणीला दोन बोटं दाखवत. "दोन बास. पण शिकव."

"आधी पाठ तर सोडवून घ्या, सिस्टर!" बायका हसत.

गावानं ऐकलं. टोळ्या निघायच्या दोन दिवस आधी पुण्याहून एक संशोधक तरुणी आली. जन्म कमी झाल्यावर मुलांचं शिक्षण आणि आरोग्य किती सुधारतं, हा तिचा विषय. वार्ताहर म्हणून मी तिला सिस्टरकडे नेलं. सिस्टरनी तिलाही दोन बोटं दाखवली. "चला, माझी भाची दाखवते. तिसरीत हाय, पण पेपर घडाघडा वाचती."

भाची म्हणजे एका ऊसतोड जोडप्याची मुलगी. तिचं नाव सिस्टरनीच कानात सांगितलं होतं. घरी गेलो तर बांधाबांध चाललेली. मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती.

"हिला कुठं नेतीस गं?" सिस्टरनी आईला विचारलं.

"धाकट्याला कोण बघंल? आमी दोघं फडात. घरात म्हातारं माणूस न्हाय."

"दोघांना माझ्याकडं ठेव."

"त्यो अजून अंगावर पितोय, सिस्टर."

"मग हिला तरी ठेव. शाळा बुडंल तिची."

आईनं गाठोड्याची गाठ आवळली. "तुमचं ऐकून म्या दोनावर ऑपरेशन केलं. आनखी एक पोरगी असती, तर तिला नेलं असतं अन् हिला शिकवलं असतं."

संशोधक तरुणीनं माझ्याकडे पाहिलं. सिस्टरनी वर आलेला हात पदराखाली घेतला.

टोळी कर्नाटकातल्या कारखान्याकडे निघाली तेव्हा सिस्टर रस्त्यावर आल्या. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत मुलगी भावाला मांडीवर घेऊन बसली होती. सिस्टरनी तिच्या हातात तिसरीचं पुस्तक दिलं.

"वाचत जा."

"व्हय, आत्या," ती म्हणाली. भावानं पुस्तक ओढून तोंडात घातलं.

काल मी सिस्टरना फोन केला. टोळी परतली का, एवढंच त्यांनी विचारलं.

परतली नव्हती.