टाकीला गणपतीचा निळा

आमच्या जोहे गावात घरोघरी गणपतीच्या मूर्ती बनतात; सीझनला मोकळी जागा दिसली की तिथे गणपती मांडतात. आमच्या पडवीत मात्र बाबांची जुनी मोटारसायकल अडून बसली होती. गुडघे धरल्यापासून बाबांनी तिला किक मारली नव्हती. "यंदा भंगारात देऊन टाकतो," ते म्हणाले. याच गाडीच्या टाकीवर बसून मी लहानपणी रोह्याला मामाकडे जायचे. "मी चालू करते," असं बोलून बसले. तोवर मी साधा पानाही हातात धरला नव्हता.

"कर. पण रंगवायचे कच्चे गणपती आले की पडवी मोकळी पायजे," बाबा म्हणाले.

मोबाइलवर व्हिडिओ बघत मी गाडी खोलली. कार्बोरेटर आईच्या पातेल्यात धुतला, त्यावरून आईने घर डोक्यावर घेतलं. सगळं जोडल्यावर दोन नट उरले, ते मी गुपचूप खिशात टाकले.

टाकी रंगवायची मात्र मला मुळीच धास्ती नव्हती. रंगात जोह्याच्या माणसाला कोण शिकवणार? आमच्या मूर्तींच्या कारखान्यातली स्प्रेगन आणली आणि गणपतीच्या शेल्याला मारतो तो मोरपिशी निळा मारला. वर सोनेरी किनार, चमकायला वार्निश. शेजारीपाजारी बघून गेले. मी हवेत!

मग पेट्रोल भरताना थोडं सांडलं. ओघळ आला तो निळाच. पुसायला गेले तर सोनेरी किनारही फडक्यावर आली.

"अगो, गणपती काय पेट्रोल पितो व्हय?" बाबा हसून हसून खाली बसले.

मी रडायच्या बेतात होते. त्या रागात मी किक मारली. पुन्हा मारली. गाडी खोकली, गप्प झाली, आणि पुढच्या किकला पडवी धुराने भरून गेली. चालू!

बाबांचं हसू थांबलं. त्यांनी टाकीवर हात ठेवला, इंजिनाचा आवाज नीट ऐकला आणि माझ्या मागे चढून बसले. "चल पेणला. गाडीचा रंग आणू."

मला गिअरची सवय नव्हती. रस्ताभर ते मागून ओरडत होते आणि मी दणके देत होते.

पेणच्या दुकानदाराने बाबांनाच विचारलं, "काका, कंचा रंग देऊ?"

"मला काय विचारतो? गाडी हिची हाय."

आयुष्य रंगात गेलेली मी. आनंदाने मला एकाही रंगाचं नाव सुचेना.