मनाई इंग्रजीतून

सानपाड्याच्या आमच्या सोसायटीत नोटिसा लिहायचं काम माझ्याकडे आहे. नोकरीभर साहेबांची पत्रं टाइप केली, त्यामुळे लोकांना अडवायचे इंग्रजी शब्द मला तोंडपाठ. गच्चीवर पापड वाळवायचे नाहीत, तर 'नॉट अलाउड'. लिफ्टमधून सामान न्यायचं नाही, तर 'प्रोहिबिटेड'. दुसऱ्याच्या जागेत गाडी लावणाऱ्यांसाठी पुढे 'स्ट्रिक्टली' जोडायचं. मराठीत लिहिलं की लोक भांडायला घरी येतात, "काय हो ताई, हे काय लिहिलंत?" तेच इंग्रजीत लिहा, गुमान ऐकतात. मला याचा गर्वच होता म्हणा ना.

गेल्या वर्षी कमिटीत मासळीवालीचा विषय निघाला. खाडीकडच्या गावातली ही कोळीण कित्येक वर्षं आमच्या जिन्याखाली टोपली घेऊन बसायची. बाजारात तिला ओटा नव्हता, गुडघे गेल्यामुळे दारोदार फिरणं जमत नव्हतं. आमची बिल्डिंग हेच तिचं दुकान. माझे मिस्टर आजारी होते तेव्हा ती न सांगता ताजे बोंबील बाजूला काढून ठेवायची. पण नव्याने राहायला आलेल्यांना वास सहन होईना. मी मीटिंगमध्ये तडकलेच, "वास येतो तर खिडक्या लावून घ्या की!" कुणी ऐकलं नाही. ठराव झाला आणि चेअरमन म्हणाले, "ताई, नोटीस तुम्हीच लिहा. तुमचं इंग्रजी फर्मास."

नाही म्हणायला काय झालं होतं मला? पण स्तुती ऐकली आणि पाघळले. 'एंट्री ऑफ हॉकर्स इज स्ट्रिक्टली प्रोहिबिटेड.' एकही खाडाखोड नाही. रविवारी सकाळी तिच्याकडून कोलंबी घेतली, तेव्हा सांगावंसं वाटलं होतं. पण म्हटलं, नोटीस लागणारच आहे, वॉचमन बघेल काय ते. आमच्याकडे सगळं असंच चालतं. एकदा कागद चिकटवला की कुणालाच तोंड उघडावं लागत नाही. मंगळवारी संध्याकाळी नोटीस लागली.

बुधवारी सकाळी खाली गलका ऐकू आला म्हणून उतरले. गेटमध्ये वॉचमन आडवा उभा होता. तिची टोपली जमिनीवर, आणि तो नोटिशीवर बोट ठेवून म्हणत होता, "मौसी, लिखा है ना."

मला बघून तिचा चेहरा खुलला. "ताय, बरं झालं आलीस. यो बोलतंय, लिवलंय. काय लिवलंय त वाच बरं."

मी वाचलं. इंग्रजीत, खडाखडा.

"आता आपल्यात सांग."

लिहिताना मला हॉकर्स दिसले होते, ही दिसली नव्हती. शेवटी कसंबसं म्हणाले, "तू आता आत यायचं नाहीस."

ती जराशी हसली. चेष्टा वाटली असावी. मग तिने वॉचमनकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं.

"कोनी लिवलं?"

खोटं बोलता आलं असतं. कमिटीने लिहिलं म्हटलं असतं तरी चाललं असतं. "मी," म्हणाले.

"ऐतवारी कोलंबी घेतलीस, तवा म्हाईत व्हतं तुला?"

"होतं."

"मंग तवाच बोलाचं ना, ताय. मी आलीच नसती." ती रागावली नव्हती, तेच मला जास्त लागलं. लाजेने जीव नकोसा झाला. ठराव कमिटीचा आहे, मी विरोध केला होता, असलं काहीबाही मी बोलत राहिले. ती ऐकत नव्हती. वाकून डोक्यावर चुंबळ ठेवत होती.

भरलेली टोपली एकटीला डोक्यावर चढवता येत नाही, दुसऱ्या बाजूने कुणीतरी हात द्यावा लागतो. मी पुढे होऊन टोपलीची कड धरली.

ती सरळ उभी राहिली. मी कड सोडेपर्यंत थांबली, आणि वॉचमनला म्हणाली, "ए बाबा, जरा हात लाव रं."