वाजणारी फळी

जळगावहून नणंदेचा फोन आला, ‘वहिनी, आबा गेले...’ आणि मी आधी छताकडे पाहिलं. आबा, माझे सासरे, तपासणीसाठी लेकीकडे गेलेत हे मला चांगलं ठाऊक होतं. तरी कान वर लागले. गेलं वर्षभर मी त्यांची काळजी कानांनीच केली होती.

धुळ्याजवळच्या आमच्या गावात कापूस घरातच भरून ठेवतात आणि भाव येईपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. आमच्या माडीला सागवानी फळ्यांची जमीन, तिच्यावर आढ्यापर्यंत कापूस. कोपऱ्यात पत्रा गळत होता, पण एवढा कापूस हलवायचा कोणी? कापूस गेल्यावर मी माडी झाडायला चढले आणि फळी मोडून माझा पाय गुडघ्यापर्यंत खाली गेला. भोकातून स्वयंपाकघरातला गॅस दिसत होता. मी ओरडायचंही विसरले. आबांनी दंडाला धरून ओढून काढलं, पण त्यानंतर किती दिवस मला जिना चढवेना.

सुतार म्हणाला, सगळं उखडा, स्लॅब टाका. आबांना ते पटलं नाही. छातीत स्टेंट बसवलेला माणूस, पण ऐकतील तर शपथ! हे धुळ्याला कामावर गेले की आबा पहार, करवत घेऊन वर. कुजलेली फळी उचकटायची, चांगलं लाकूड लागेपर्यंत कापायची आणि मोडीत निघालेल्या आमच्या बैलगाडीची फळी रंध्याने सारखी करून तिथे बसवायची. मी खाली भाकरी थापायचे, लक्ष सगळं ठोक्यांत. ठोके चालू म्हणजे आबा आहेत. ठोके थांबले की माझे हात पिठात तसेच थांबायचे. पडले असतील तर? घरात एकटी मी, काय करणार...

‘आबा! चहा टाकू का?’ मी ओरडायचे.

‘टाक. भ्याऊ नको वं, मी शे ना!’ ‘मी आहे’ एवढं वरून आलं की माझे हात पुन्हा चालायला लागायचे.

दिवसाला किती चहा व्हायचे कोण जाणे. डॉक्टरांना कळलं असतं तर त्यांनी मलाच झापलं असतं.

शेवटी जवसाचं तेल पाजून जमीन तुकतुकीत झाली आणि आबांनी आपली खाट वर नेली. खाटेजवळची एक फळी तेवढी पाय पडला की करकरायची. मी ती दाखवली, तर हसले.

‘ऱ्हाऊ दे. वाजनी म्हंजे समजी ले, आबा चाली राह्यना.’

मुद्दाम सैल ठेवली होती, माझ्यासाठी.

ते गेले आणि घर गप्प झालं. आता कशाला भ्यायचं, सांगा? तरी दुपारी हात पिठात तसेच थांबतात.

गेल्या रविवारी नवा कापूस टाकायचा म्हणून हे माडी झाडायला गेले. जाताना स्क्रू-ड्रायव्हर उचलला. ‘वर एक फळी ढिली शे, स्क्रू मारी देस.’ ती आबांनी मुद्दाम सैल ठेवलीय, हे यांना माहीत नव्हतं. नको म्हणायचं होतं, पण कसं सांगावं ते सुचेना. तोवर हे वर पोहोचले. पाय पडला, फळी करकरली आणि माझ्या तोंडून निघून गेलं, ‘आबा, चहा टाकू का?’

वरची पावलं जागीच थांबली. मी पदर मुठीत धरून छताकडे बघत राहिले. मग फळी पुन्हा वाजली, कोणी मुद्दाम दाबावी तशी, आणि यांचा आवाज आला,

‘टाक.’