एकाच नावाचे दोन वायफाय

आमच्या रस्त्याचं सिमेंटीकरण चालू होतं. त्या खोदकामात नेमकी मुलाखतीच्या दिवशी, सकाळी दहाला, इंटरनेटची तार तुटली. मुलाखत माझी नव्हती, बायकोची होती. माझ्या बदल्यांपायी तिने नोकरी सोडली, त्याला अठरा वर्षं झाली होती. आता मिहानच्या आयटी पार्कमधल्या एका कंपनीने तिला अकरा वाजता लॅपटॉपवर बोलावलं होतं. अशी संधी पुन्हा येईल असं तिला वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

राउटरवर लाल दिवा. तक्रारीच्या नंबरवर एक बाई रेकॉर्ड केलेल्या आवाजात मला पुन्हा पुन्हा एक दाबायला सांगत होती. मी वैतागून फोन ठेवला आणि बाह्या सरसावल्या. अशा कामांत मी स्वतःला जरा जास्तच हुशार समजतो. माझ्या मोबाईलचा हॉटस्पॉट चालू केला आणि त्याला नाव आणि पासवर्ड मुद्दाम घरच्या वायफायचाच दिला. म्हणजे लॅपटॉप आपला आपण जोडला जाईल.

"झालं का जी?" बायकोने विचारलं. ती कडक इस्त्रीची साडी नेसून तयार बसली होती.

"झालंच समज."

झालं काहीच नव्हतं. लॅपटॉप वायफाय दाखवत होता, पण पान उघडेना. मी लॅपटॉप बंद करून चालू केला. मोबाईल आधी खिडकीत ठेवला, मग कूलरवर. चाळीस मिनिटं गेल्यावर डोक्यात उजेड पडला. राउटर चालूच होता, नाव तेच होतं, त्यामुळे लॅपटॉप त्या मेलेल्या राउटरलाच चिकटून बसला होता. मी राउटरचं बटण बंद केलं. नेट आलं, बायको हसली आणि मी कॉलर ताठ केली.

पाच मिनिटांत सगळं पुन्हा ठप्प. हॉटस्पॉटवर कोण कोण आहे ते बघितलं, तर नऊ जण! घरात माणसं दोनच. मग आठवलं. कोजागिरीला गच्चीवर दूध आटत असताना मी मोठेपणाने अख्ख्या बिल्डिंगला आमचा पासवर्ड वाटला होता. "घ्या हो, आपलंच आहे." राउटर बंद होताच वरखालचे टीव्ही आणि मोबाईल माझ्या मोबाईलवर येऊन बसले होते. तेवढ्यात मेसेज आला, आजचा डेटा संपत आला आहे.

हॉटस्पॉटचा पासवर्ड बदलणं हे एका मिनिटाचं काम होतं. पण मला राग आला की काही सुचत नाही. मी मोबाईल तिथेच टाकून तणतणत खाली गेलो आणि तळमजल्यापासून दारं ठोकायला सुरुवात केली.

"टीव्ही बंद करा! मोबाईल बंद करा! काहून माझ्या नेटवर बसून राहिले तुम्ही सगळे?"

लोक दारात येऊन माझ्याकडे बघत होते. एकाने विचारलं, "तब्येत बरी आहे ना गा भाऊ?" मी त्याच्यावरही ओरडलो. ओरडत ओरडत तिसऱ्या मजल्यावर पोचलो आणि आमच्या डोक्यावर राहणाऱ्या काकूंचं दार बडवलं.

दार थोडंसं उघडलं. काकूंनी तोंडावर बोट ठेवलं.

"हळू बोल नं बापा! सुरू झाली तिची मुलाखत."

आत जेवणाच्या टेबलाशी माझी बायको लॅपटॉपसमोर ताठ बसून बोलत होती. शेजारी काकूंचा मोबाईल.

"माह्या मोबाईलचं नेट तसंच पडून राह्यते," काकू कुजबुजल्या. "तुमच्याच वायफायवर भागते माह्यं. म्हटलं, आज तुम्ही माह्यं वापरा."

मी तिथेच पायरीवर बसलो. मला लाज वाटत होती. तिला एवढ्या वर्षांनी कोणी काही विचारत होतं आणि मी जिन्यात गोंधळ घातला होता.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना.

"माझा आवाज ऐकू गेला का त्यांना?"

"सगळा. त्यातल्या मॅडमनं विचारलं, कोण ओरडून राहिलं? मी म्हटलं, आमचे मिस्टर आहेत."

"मग?"

"मग विचारलं, इतक्या वर्षांनी नोकरी करणार, घरच्यांची साथ आहे का?" ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. "मी म्हटलं, आहे ना. ऐकूनच राहिले नं तुम्ही."