मामांची जगभरची घड्याळं

कळंबच्या मोंढ्यात आडतीवर बसणाऱ्या माझ्या बब्रुवानमामांना एकच नाद आहे. कोणत्या देशानं घड्याळ कधी पुढं केलं नि कधी मागं घेतलं, याची खबर ठेवायची. माझा भाऊ कृष्णराज जर्मनीला नोकरीला गेला, तेव्हापासूनचं हे खूळ. तिकडं उन्हाळ्यात अख्खा देश घड्याळ तासभर पुढं सरकवतो हे कळल्यावर मामा हरखलेच. मेक्सिकोनं ही पद्धत मोडली, इजिप्तनं पुन्हा चालू केली, मोरोक्को रमजानपुरतं घड्याळ मागं घेतो; सोयाबीन घेऊन आलेल्या माणसाला भाव सांगण्याआधी मामा हे ऐकवतात. वर शेरा, "सरकारं येडी हायेत समदी." स्वतः मात्र सकाळी येतो म्हणून सांगतात आणि दिवे लागल्यावर उगवतात.

माझं लग्न एप्रिलात, बेंबळीला आमच्या दारात, मुहूर्त दुपारी साडेबाराचा. दादाला सुट्टी मिळेना. कारखान्यातून एकच तास बाहेर पडता येईल, तेवढ्यात फोनवर अक्षता बघतो, पण तास कोणता ते नक्की सांगा, असं त्यानं कळवलं. आईनं हे काम मामांवर सोपवलं. विषयच त्यांचा!

जर्मनीचं पुढं गेलेलं घड्याळ मामांनी अगदी बरोबर धरलं. मग स्वतःची अक्कल पाजळली.

"पत्रिकेत साडेबारा म्हंजी अडीच. नवरदेवाचा परण्या वाजतगाजत मारुतीला निघाला की पोरं रस्त्यातच नाचत बसत्यात." अन् दादाला दोन तास उशिराची वेळ दिली.

"मामा, सासरे एसटीत कंट्रोलर होते. वेळेवरच लावणार म्हणालेत," मी म्हटलं.

"निके, असं समदेच म्हणत्यात. म्या लई लग्नं बघितल्यात."

सासऱ्यांनी जळकोटहून वऱ्हाड आणलं ते गाडी सुटावी तसं. नवरदेव मारुतीला जाऊन आला, बँडवाल्याला कुठं थांबूच दिलं नाही. मामा रिवाजाप्रमाणे माझ्या पाठीशी उभे, आणि दादाला सारखे फोन लावताहेत. तो कामावर, फोन कपाटात. साडेबाराला अक्षता पडल्या तेव्हा निम्मं गाव घरीच कपडे करत होतं. नवऱ्याचा कान पिळायला दादाच्या जागी चुलतभाऊ उभा केला.

पंगती उठत आल्या आणि दादाचा फोन आला. कारखान्याच्या आवारात उभा होता, डोक्याला फेटा. स्वतःच बांधला असणार, एका बाजूला कलला होता.

"परण्या निघाला का?" त्यानं हसत विचारलं.

मामा म्हणाले, "आरं, ह्या जर्मनीवाल्यांनी घड्याळाचा असा काय घोळ करून ठेवलाय..."

मी फोन हिसकावला. इतका संताप आला की रडू फुटलं.

"दादा, जर्मनीचं घड्याळ बरुबर हाय. लागलं लग्न."

तो माझ्या गळ्याकडं बघत राहिला. मग फेटा सोडत म्हणाला, "बरं झालं की. येळंवर लागलं."